कोरेगावच्या पुढचा रस्ता

दरवर्षी १ जानेवारीला आम्ही भीमा कोरेगावला जातो. विजयस्तंभाला मानवंदना द्यायची, पुस्तकांच्या स्टॉलवर तासभर रेंगाळायचे, बांधून आणलेली भाकरी सोडून खायची आणि संध्याकाळी माघारी फिरायचे, हा आमचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. ज्या रस्त्याने आपण कोरेगावला जातो तोच रस्ता पुढे नगरला जातो, हे पाटीवर सगळ्यांनीच वाचलेले असते. पण पुढे जावे असे कोणाच्या मनात येत नाही. यंदा आम्ही गेलो.

आम्ही म्हणजे वस्तीतल्या विहारात दर रविवारी लहान मुलांचा वर्ग चालवणारी मंडळी. पाच बाया आणि दोन पुरुष. कोणी धुणीभांडी करते, कोणी कंपनीत कंत्राटावर आहे, एक काका गिरणीतून घरी बसलेले. शिकलेला शिक्षक आमच्यात एकही नाही. बरोबर होती ती थोरल्या मावशींची चार वर्षांची नात.

खरे तर या नातीमुळेच आम्ही निघालो. ती इंग्रजी नर्सरीत जाते. तिच्या आईने कानातले मोडून फी भरली. ए पासून झेडपर्यंत पोरगी घडाघडा म्हणते. एका रविवारी आम्ही सशा-कासवाची गोष्ट सांगितली आणि विचारले, "कासव का जिंकलं गं?" तिने हात मागे बांधले आणि उत्तर दिले, "टी फॉर टॉरटॉइज." आम्ही हसलो, पण घरी जाताना हसू टिकले नाही. कारण वर्गातली तिसरी-चौथीची मुलेसुद्धा अशीच होती. धडा भराभर वाचतात आणि यात काय सांगितले आहे असे विचारले की आपल्या तोंडाकडे बघत बसतात.

यावर आम्हाला सुचलेला उपाय म्हणजे अक्षरे आणखी लवकर सुरू करायची. तीन-तीन वर्षांच्या मुलांच्या हाती पाटी दिली आणि 'अ' गिरवून घेऊ लागलो. एक पोरगा पाटी बघितली की रडायचा. पुढे तो यायचाच बंद झाला. चूक आमची होती, पण नेमकी कुठे, हे कळत नव्हते. तेव्हा काका म्हणाले, "शिकवणं हेसुद्धा शिकावं लागतं. सावित्रीबाईसुद्धा ते शिकायला नगरला गेल्या होत्या. आपण निदान बघून तरी येऊ."

रात्र शिक्रापूरला पाहुण्यांकडे काढली आणि २ तारखेला सकाळी एसटी धरली. एसटीत बायांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचा प्रश्न निम्मा सुटला होता. रांजणगाव, शिरूर मागे पडले. शिरूरला घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. २०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. पण गाडीतली माणसे अजून तिकीट मागतात ते नगरचेच. सुपा, केडगाव करत माळीवाड्याला उतरलो.

जिथे शिक्षिका घडली

नगरला किल्ला आहे, भुईकोट आहे, बघणारे तो बघायला जातात. आम्ही मिशनच्या शाळा विचारत निघालो. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार या बाई १८२७ साली मुंबईला आल्या आणि १८३९ पासून नगरला राहिल्या. मुलींना शिकवणे हेच त्यांचे काम. १८६२ मध्ये त्या नगरलाच वारल्या. जोतीराव फुले आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासोबत त्यांची शाळा पाहायला आले होते. ती पाहून आपणही मुलींची शाळा काढावी हा विचार पक्का झाला आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरी अक्षरओळख करून दिली होती. तरी शाळेत शिकवण्यासाठी त्यांनी फरारबाईंकडे नगरला आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये वेगळे शिक्षण घेतले.

'ज्ञानोदय' हे पत्रही १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाले. पुढे १८५५ साली याच पत्रात फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग समाजातल्या मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला गेला. तिच्या घराण्यात तिच्याआधी अक्षर कोणाला माहीत असेल? तरी त्या मुलीने धडे पाठ म्हणून दाखवले नाहीत. जे भोगले ते जोखले, आणि प्रश्न विचारले. वाचन कळले म्हणजे काय होते, याचा याहून मोठा पुरावा आम्हाला माहीत नाही.

मिशनच्या शाळा नगरात आजही आहेत. त्यांतल्या मुलींच्या क्लेरा ब्रूस शाळेच्या रस्त्याने गेलो. फाटकातून निळे-पांढरे लोंढे बाहेर पडत होते. थोरल्या मावशी म्हणाल्या, "आमच्या वेळी कुणी असं दार दाखवलं असतं तर..." आणि गप्प झाल्या. मावशींना अक्षर येत नाही. अंगठा सोडून सही शिकल्या, तेवढीच.

पाथर्डी रस्त्यावरची अंगणवाडी

आमच्यातल्या एकीची मावसबहीण पाथर्डी तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. दुपारच्या गाडीने करंजी घाट चढून संध्याकाळी तिच्या गावी पोहोचलो. गाव अर्धे रिकामे. घरोघर कुलपे, नाही तर दारात एकटे म्हातारे माणूस. पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे तालुके पावसाच्या छायेतले. दिवाळी झाली की जोडपी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या रानात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात.

दुसऱ्या दिवशी सावित्रीबाईंची जयंती. सकाळी अंगणवाडीत फोटोला हार घातला, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही भिंतीला टेकून बसलो. समोर अकरा मुले. "बाकीची?" आम्ही विचारले. सेविकाताई म्हणाल्या, "उसाला गेली." मग स्वतःच पुढे म्हणाल्या, "म्हणजे आईबापांच्या पाठीवर गेली."

त्या दोन तासांत पाटी एकदाही निघाली नाही. ताईंनी मुलांना गोलात बसवले आणि विचारले, "येताना काय काय पाहिलंत?" एक म्हणाला, "कुत्रीला पिल्लं झाल्यात." ताईंनी "झाली आहेत म्हण" असे केले नाही. "किती झाल्यात? कुठल्या रंगाची? कुत्री जवळ येऊ देती का?" असे विचारत गेल्या. पोरगे बोलत गेले. ताई आम्हाला म्हणाल्या, "घरची बोली आधी. तीच तोडली तर पोरगं तोंड उघडायचं बंद होतं. बोललंच नाही तर पुढं वाचलेलं कळणार कसं? पुस्तकातले शब्द आधी कानात असावे लागतात."

नंतर टाळ्यांचा खेळ झाला. को-य-ता, तीन टाळ्या. ऊ-स, दोन. भा-क-री, तीन. मग भाकरीसारखी सुरुवात असलेले शब्द शोधायचे. मुले ओरडली: भांडं! भात! भाऊ! एकाने कालवण सांगितले, त्यावर सगळी हसली. आमच्या काकांना हा नुसता खेळ वाटला. ताईंनी समजावले. मराठीत एकट्या 'क'ची बाराखडीत बारा रूपे. सगळी अक्षरे आणि त्यांची रूपे धरली तर शेकड्यांनी आकार होतात. इतके आकार नुसत्या डोळ्यांनी पाठ करायचे म्हणजे पोर थकते. शब्दाचे तुकडे कानाला वेगळे ऐकू येऊ लागले की पुढे अक्षर समोर आल्यावर त्याला आवाज जोडणे सोपे जाते. ज्याला तो आवाजच सुटा ऐकू आला नाही, त्याला अक्षर म्हणजे नुसती नक्षी.

गोष्टीच्या वेळी ताई चित्रांचे पुस्तक मुलांकडे तोंड करून धरत होत्या आणि ओळीखालून बोट फिरवत होत्या. मध्येच थांबायच्या: "आता काय होईल?" "का बरं?" "तू असतीस तर काय केलं असतंस?" कोणाचेही उत्तर चूक म्हणून टाकले नाही. शेवटी मुलांनी चित्रे काढली. प्रत्येकाला त्याचे चित्र कशाचे ते विचारून त्याचे उत्तर ताईंनी चित्राखाली त्याच्याच शब्दांत लिहिले. आपण बोललो ते कागदावर उतरते आणि कागदावरचे पुन्हा बोलता येते, ही गोष्ट मुलाला कळणे म्हणजेच वाचनाची सुरुवात, असे त्या म्हणाल्या.

"मग अक्षरं कधी?" आम्ही विचारले. पाचव्या वर्षाच्या आसपास, तेही मूल तयार असेल तसे. आणि अ पासून ज्ञ पर्यंत रांगेने नाही. म, क, ल आणि काना एवढेच घेतले तरी मामा, काका, मका, लाल, कमाल असे शब्द तयार होतात. मुलाला पहिल्याच आठवड्यात अर्थ असलेला शब्द वाचता येतो. आम्हाला आमचा रडणारा पोरगा आठवला. त्याच्या हाती आम्ही नुसता 'अ' दिला होता. त्यातून त्याला कोणी भेटले नव्हते.

अंगणवाडी हा शब्द कोठून आला हेही ताईंकडूनच कळले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. गोरगरीब वस्त्यांतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हे नाव देशभर गेले. पण आपल्याकडे अजून समज असा की अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि वजनकाटा. आईबाप कधी विचारत नाहीत की ताई, आज कोणती गोष्ट सांगितली.

कोप्यांच्या अड्ड्यावर

ताई म्हणाल्या, "माझी बाकीची पोरं बघायची असतील तर श्रीरामपूरकडं जा." आम्हाला हरेगावला जायचेच होते. शेवगाव, नेवासे करत निघालो. गाडी पुढे जाईल तसा रंग बदलत गेला. पिवळी रानं संपली आणि दोन्ही बाजूंनी हिरवा ऊस उभा राहिला.

त्याच गावची एक टोळी एका कारखान्याच्या अड्ड्यावर उतरली होती. बांबूच्या चटया आणि पाचट यांच्या कोप्या, बाहेर तीन दगडांच्या चुली. मोठी माणसे पहाटे तीनलाच फडात गेलेली. अड्ड्यावर फक्त पोरे आणि कुत्री. दहा वर्षांची एक मुलगी कडेवर बाळ घेऊन भात ढवळत होती. तिचा पाच वर्षांचा भाऊ आमच्याभोवती घोटाळू लागला. ताईंच्या हजेरीपटावर त्याचे नाव आम्ही सकाळीच वाचले होते.

वेळ कसा काढावा कळेना, तेव्हा थोरल्या मावशींनी पाचटावर बसकण मारली आणि चिऊ-काऊची गोष्ट सुरू केली. वाचता येत नसले तरी मावशींच्या गळ्यात गोष्टींचा साठा मोठा. पण आजवर आमच्या रविवारच्या वर्गात त्या कधी बोलल्या नव्हत्या. "मी अडाणी, मी काय शिकवणार," म्हणून चपला सांभाळत बसायच्या. आज त्यांनी काऊचे घर वाहून नेले, काऊला चिऊच्या दारात उभे केले, आणि ताईंसारखे मध्येच थांबून विचारले, "चिऊनं दार का बरं उघडलं नसेल?"

नात गप्प. तिच्याकडे याचे इंग्रजी नव्हते. पोरगा म्हणाला, "तिची आय उसात गेली आसंल. आय यायच्या आधी कुनाला आत घ्यायचं नसतंय."

आम्ही एकमेकींकडे पाहिले. तेवढ्यात नात उठून उभी राहिली. "पण काऊ भिजला ना! त्याला ताप येईल!"

"येऊ दे की. आमची कोपी बी गळती. मंग आम्ही टॅक्टरच्या खाली निजतो. ताप येत न्हाई."

"माझ्या आजीला आला होता."

दोघे भांडत राहिले आणि मावशी मध्ये पडल्या नाहीत. चार वर्षांची आमची पोरगी पहिल्यांदाच गोष्टीच्या आत शिरून बोलत होती. एकीने काटकीने मातीत लिहिले: काऊ भिजला. बोट फिरवत वाचून दाखवले. पोरगा वाकून बघू लागला. "ह्यात काऊ कुठंय?" दाखवला. "आन् भिजला?" तोही दाखवला. त्याने दोन्ही शब्दांवरून आपले बोट फिरवले आणि कोणी पाय देऊ नये म्हणून बाजूला उसाचे एक कांडे आडवे ठेवले.

दिवस कलला तशी माणसे परतली. त्याची आई डोक्यावर वाढ्यांचा भारा घेऊन आली. पाणी पिऊन म्हणाली, "ह्या जूनला पहिलीत घालायचाय. पर शाळा जूनात, आन् दिवाळी झाली की आम्ही हितं. मोठीचं असंच झालं." मोठी म्हणजे भात ढवळणारी. जवळच्या गावात अंगणवाडी आहे. २०२१ पासूनच्या पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतरित बालकाची नोंद दुसऱ्या अंगणवाडीत नेण्याची सोयही आहे. पण आईबाप पहाटे तीनला फडात. पोराचा हात धरून नेणार कोण? नोंद फोनवर जाते, पोरगे अड्ड्यावर राहते.

हरेगावला उघडलेले पान

रात्री श्रीरामपूरला मुक्काम करून सकाळी हरेगावला गेलो. डिसेंबर १९३९ मध्ये इथे वतनदार महार, मांग, वेठियांची परिषद झाली आणि प. पू. बाबासाहेब तिला आले होते. त्या लोकांच्या अंगावर वतनाचे ओझे होते, काल पाहिलेल्यांच्या अंगावर मुकादमाच्या उचलीचे. झाडाखाली बसून आम्ही चहा घेतला. काकांनी कोरेगावच्या स्टॉलवर घेतलेली संविधानाची छोटी प्रत पिशवीतून काढली आणि कलम ४५ वाचले. मग म्हणाले, "माझ्या जुन्या प्रतीत हे असं नाही."

काकांचे बरोबर होते. मूळ कलम ४५ मध्ये राज्याने दहा वर्षांच्या आत सर्व बालकांना चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा असे होते. सुरुवातीचे वय त्यात दिलेलेच नव्हते. तीन-चार वर्षांचे मूलही त्यात बसत होते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ या वयाला मूलभूत हक्क मिळाला आणि त्यावर आधारित शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ही मोठी गोष्ट झाली. पण सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी कलम ४५ मध्ये राहिले ते राज्याने प्रयत्न करावा एवढेच मार्गदर्शन. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षे शिक्षणाचा पाया म्हणून एकत्र धरली आहेत. पाया मानला, हक्क अजून सहाव्या वर्षीच सुरू होतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो आधीची तीन वर्षे विकत घेतो. उसाच्या अड्ड्यावरचे पोरगे ती तीन वर्षे बाळ सांभाळण्यात घालवते आणि पहिलीत मागच्या बाकावर बसते. नंतर लोक म्हणतात, यांना वाचलेले कळत नाही.

वाचकहो, आम्ही परत आलो त्याला आता बरेच रविवार झाले. वर्गातल्या पाट्या आम्ही पाच वर्षांखालच्या मुलांपुढून उचलल्या. आधी गप्पा, मग टाळ्या, मग गोष्ट. प्रत्येक मुलाचे नाव जाड कागदावर लिहून दोरीला टांगले आहे. आल्यावर आपापले नाव शोधून काढायचे. रडणाऱ्या पोराच्या घरी जाऊन आम्ही चूक कबूल केली. आता तो येतो.

घरी करायला पैसा लागत नाही. रात्री भाकरी थापताना लेकराला दिवसभराचे विचारा आणि उत्तर पुरे होईपर्यंत थांबा. दुकानाची पाटी, एसटीचा बोर्ड, बिस्किटाचा पुडा बोट लावून वाचून दाखवा. गोष्ट सांगताना मध्येच थांबा आणि का ते विचारा. आजी-आजोबांना अक्षर येत नसेल तरी त्यांना गोष्टीला बसवा. आणि आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत महिन्यातून एकदा जाऊन या. खिचडीइतकीच गोष्टीचीही चौकशी करा. शेजारी वीटभट्टी असेल, बांधकाम असेल, तर तिथल्या लेकरांचे हात धरून अंगणवाडीपर्यंत न्यायला आपल्यातले कोणी निघते का ते पाहा. त्यांचे आईबाप कामावर आहेत. आपल्यातल्या कोणाला तरी सकाळचा तास मोकळा असतोच.

थोरल्या मावशी आता चपला सांभाळत नाहीत. गोलाच्या मध्ये बसतात. नात नर्सरीत जातेच, पण मागच्या रविवारी तिनेच आजीला अडवले. "आजी, थांब. त्या कोपीतल्या दादाचं घर वाहून गेलं तर तो कुणाच्या दारात जाईल?" मावशींना उत्तर सुचले नाही. आम्हालाही नाही. पुढच्या १ जानेवारीला कोरेगावहून पुन्हा पुढे जायचे, चित्रांची पुस्तके घेऊन, एवढे मात्र आम्ही ठरवले आहे.